नाव मिळालं, पण ते तुमचं झालं का?

सरकारी कचेरीने ज्या नावाला मंजुरी दिली, तेच नाव वापरलं म्हणून वकिलाची नोटीस कशी येऊ शकते? नवा व्यवसाय सुरू करणाऱ्यांना हा प्रश्न पडतो, पण बहुतेकदा फार उशिरा. तोवर पाटी रंगवून झालेली असते, वेष्टनं छापून आलेली असतात, वेबसाइट चालू असते आणि पहिली गिऱ्हाइकं त्या नावाने फोन करू लागलेली असतात. मग एखादी अनोळखी कंपनी कळवते की हे नाव आमचं आहे, पंधरा दिवसांत वापर थांबवा. आपल्या हातात कंपनी-नोंदणीचं प्रमाणपत्र असतं, त्यावर शिक्का असतो, आणि तरीही कायद्याने समोरचा बरोबर असू शकतो.

यात कुणाची लबाडी असेलच असं नाही. ‘नाव मिळालं’ हे आपण ज्या कागदावरून ठरवतो, तो कागद नावाच्या मालकीचा नसतोच. कोणता कागद कशाचा, एवढं कळलं तरी निम्मा गोंधळ सुटतो. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

एकच नाव, चार वह्या

समजा, तुम्ही विजेचे पंखे बनवणार आहात आणि नाव ठरवलंय ‘झुळूक’. उदाहरण काल्पनिक आहे, पण लेखभर तेच सोबत ठेवू. हे नाव चार वेगवेगळ्या वह्यांत लिहिलं जाऊ शकतं, आणि या वह्या एकमेकींशी फारशा बोलत नाहीत.

पहिली वही कंपन्यांच्या निबंधकाची. कर कोणी भरायचा, कर्ज कोणाच्या नावे, खटला कोणावर भरायचा, हे नेमकं ओळखता यावं म्हणून ती ठेवलेली असते. त्यामुळे तिथे मुख्यतः पाहतात ते एवढंच, की याच किंवा जवळजवळ याच नावाची दुसरी कंपनी आधी नोंदलेली आहे का. काही देशांत निबंधक इतर नोंदींवरही नजर टाकतो, पण त्याची मंजुरी म्हणजे नावाच्या मालकीचा निर्वाळा नव्हे.

दुसरी वही डोमेनची, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याची. तिथला नियम बसच्या रांगेसारखा आहे: आधी आला, त्याला जागा. पैसे भरताना कोणीही विचारत नाही की या नावावर तुमचा हक्क काय. तिसरी वही समाजमाध्यमांवरच्या खात्यांच्या नावांची. तिथेही तोच प्रकार.

चौथी वही ट्रेडमार्कची. आपला माल किंवा सेवा दुसऱ्याच्या मालापासून वेगळी ओळखू यावी म्हणून वापरलेलं नाव किंवा चिन्ह म्हणजे ट्रेडमार्क. ‘हे नाव या प्रकारच्या मालासाठी दुसऱ्याने वापरू नये’ असं सांगण्याचा अधिकार देणारी वही फक्त हीच. पहिल्या तीन वह्यांतली नोंद म्हणजे दारावरची पाटी. पाटी कोणालाही लावता येते. घर कोणाचं, ते खरेदीखत सांगतं.

आणि एक पाचवी वही आहे, जी कुठल्याच कचेरीत सापडत नाही. एखादं नाव कधीच नोंदवलेलं नसतं, पण वर्षानुवर्षं वापरात असतं आणि लोकांच्या तोंडी बसलेलं असतं. अनेक देशांत कायदा अशा नावालाही हक्क देतो. व्यापारी नावाला नोंदणीशिवायही संरक्षण द्यावं, हे १८८३ च्या पॅरिस करारात, म्हणजे ट्रेडमार्क-पेटंटसारख्या हक्कांबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारात, आठव्या कलमात लिहिलेलं आहे. शोध घेताना सर्वांत जास्त चकवते ती ही पाचवी वही.

कायदा डोळ्यांपेक्षा कानांवर जातो

बहुतेक जण नाव तपासतात म्हणजे काय करतात? शोधयंत्रात ‘झुळूक’ टाइप करतात, पंख्याची दुसरी कंपनी दिसत नाही, आणि सुटकेचा नि:श्वास सोडतात. चूक इथेच होते. कायद्याचा प्रश्न ‘हेच नाव आहे का’ एवढाच नसतो. ‘गिऱ्हाईक गोंधळेल का’ हा खरा प्रश्न असतो.

गिऱ्हाईक दोन खोकी शेजारीशेजारी ठेवून अक्षरं जुळवत बसत नाही. त्याने सहा महिन्यांपूर्वी कुणाकडे तरी एक पंखा पाहिलेला असतो, नाव अर्धवट आठवत असतं, ‘झुळ’ने काहीतरी सुरू होत होतं एवढं नक्की असतं. अशा धूसर आठवणीच्या माणसाला जे नाव फसवू शकेल, ते साम्य असलेलं नाव. साम्य उच्चारात असू शकतं, दिसण्यात असू शकतं, अर्थात असू शकतं. तिन्हींपैकी एकही पुरेसं ठरू शकतं.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या दोन औषधांच्या नावांचा वाद निकालात काढला. अमृत म्हणजे काय आणि लक्ष्मण कोण, हे कोणालाही ठाऊक आहे, तेव्हा गोंधळ कसा होईल, असा युक्तिवाद होता. उच्च न्यायालयाला तो पटलाही होता. सर्वोच्च न्यायालयाला पटला नाही. सामान्य गिऱ्हाईक नावाची फोड करून व्युत्पत्ती पाहत बसत नाही, त्याला एकूण नाद आठवतो, असं न्यायालयाने धरलं आणि दोन्ही नावं फसवण्याइतकी सारखी ठरवली. त्याच खटल्याला दुसरी बाजूही आहे. लक्ष्मणधारा बरीच वर्षं विकली जात होती आणि अमृतधारावाल्यांना ते माहीत असूनही ते गप्प बसले होते, म्हणून उत्तर प्रदेशापुरती नोंदणीची मुभा त्या नावाला मिळाली. गप्प बसण्याची किंमत असते. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

‘मग स्पेलिंग बदलून घेतलं तर?’ हा प्रश्न हमखास येतो. कानाला तेच ऐकू येत असेल तर स्पेलिंग बदलून काहीही साधत नाही. मराठी नावं ठेवणाऱ्यांना तर इथे दुप्पट काळजी घ्यावी लागते. ‘झुळूक’ रोमन लिपीत कसं लिहाल? ‘झ’ काही जण जे-एच ने लिहितात, काही झेड ने. ऊकारासाठी एक यू, दोन यू किंवा दोन ओ. आणि ‘ळ’ला रोमन अक्षरच नाही, तो एल होऊन बसतो. म्हणजे ‘झुळूक’, ‘झुलूक’, ‘जुलूक’ ही सगळी नावं रोमन नोंदीत एकमेकांवर आदळतात. शिवाय अर्थाचा मुद्दा राहतोच: पंख्यांच्याच बाजारात ‘ब्रीझ’ नावाची जुनी नोंद असेल, तर भाषांतर करून घेतलेलं नाव म्हणूनही आक्षेप येऊ शकतो.

मग ‘पोलो’ एकाच वेळी तीन ठिकाणी कसं चालतं?

फोक्सवॅगनची पोलो मोटार आहे, राल्फ लॉरेनचे पोलो कपडे आहेत आणि पोलो नावाच्या पेपरमिंटच्या गोळ्याही आहेत. कोणीच कोणाला हुसकावून लावलेलं नाही. याचं कारण, ट्रेडमार्कचा हक्क शब्दावर सरसकट मिळत नाही, ठरावीक मालापुरता किंवा सेवेपुरता मिळतो.

त्यासाठी जगभर बहुतेक कचेऱ्या एकच वर्गवारी वापरतात. १९५७ च्या नीस करारातून ती आली. एकूण ४५ वर्ग: पहिले ३४ वस्तूंचे, उरलेले ११ सेवांचे. विजेचे पंखे अकराव्या वर्गात येतात, दुरुस्तीची सेवा सदतिसाव्या. शाळेतल्या वर्गांसारखंच हे समजा. एका वर्गात एकाच नावाचे दोन विद्यार्थी असले की हजेरीच्या वेळी दोघेही ‘हजर’ म्हणतात. वेगवेगळ्या वर्गांत असले की अडचण येत नाही.

पण वर्ग म्हणजे पक्की भिंत नव्हे. पंखे आणि पंख्यांची दुरुस्ती वेगळ्या वर्गांत असली, तरी गिऱ्हाईक दोन्हींचा मालक एकच समजणार. तेव्हा आपला वर्ग आणि त्याला लागून असलेले धंदे, दोन्ही तपासायचे. दुसरं म्हणजे फार प्रसिद्ध नावं. त्यांना बऱ्याच देशांत सगळ्याच वर्गांत संरक्षण मिळतं. घड्याळांशी तुमचा काडीचा संबंध नसला, तरी ‘रोलेक्स’ नावाने पंखे काढता येणार नाहीत.

नाव जितकं स्पष्ट, तितकं कमजोर

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथली चूक नंतर दुरुस्त करता येत नाही. नवउद्योजकाला वाटतं, नावातूनच धंदा कळला पाहिजे. कायद्याला नेमकं उलट आवडतं.

पंख्याच्या धंद्याला ‘पंखा’ हे नाव ठेवलं तर त्यावर कोणाचाच हक्क होऊ शकत नाही, कारण तो शब्द उद्या प्रत्येक पंखेवाल्याला लागणार आहे. ‘गार वारा’ ठेवलं तर तेही वर्णनच झालं. ते नोंदवायला गेलात की आधी वर्षानुवर्षं वापरून दाखवा, लोक हे नाव तुमच्याशीच जोडतात हे सिद्ध करा, असं सांगतात. ‘झुळूक’ जरा बरं: ते पंख्याकडे बोट दाखवतं, पण ऐकणाऱ्याला एक पाऊल विचार करावा लागतो. ‘हत्ती’ ठेवलंत तर आणखी बळकट, कारण हत्तीचा आणि पंख्याचा संबंध फक्त तुम्ही जोडलेला असतो. आणि ‘झुमोरा’सारखा अर्थ नसलेला, घडवलेला शब्द सर्वांत बळकट. अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने १९७६ साली हीच उतरंड एका निकालात मांडली, आणि आजही नावांची ताकद मोजायला तीच पट्टी वापरतात. ‘कोडॅक’ हा शब्द १८८८ च्या आधी कोणत्याही भाषेत नव्हता. तो घडवलेला होता. ‘ॲपल’ हा साधा शब्द, पण संगणकासाठी तो कुणी वापरत नव्हतं.

‘पण गिऱ्हाइकाला कळायला नको का, आपण काय विकतो ते?’ नक्की कळायला हवं. ते काम नावाखालच्या ओळीला द्या. ‘झुमोरा’ आणि खाली ‘शांत चालणारे पंखे’. नावाने ओळख धरून ठेवायची, ओळीने माहिती द्यायची. एकाच शब्दाकडून दोन्ही कामं करून घ्यायला गेलं की हक्काचं काम बिघडतं.

शोध कसा घ्यायचा

आता प्रत्यक्ष काम. एखादी सुट्टी बाजूला ठेवा. पहिली चाळणी एका दिवसात होते आणि तिला जवळजवळ खर्च येत नाही.

एकाच नावावर जीव जडवू नका. तीन-चार नावं घेऊन बसा, म्हणजे एक गळलं तर मन मोडत नाही. प्रत्येक नावाचे उच्चाराने जवळ जाणारे सगळे प्रकार कागदावर लिहा: ऱ्हस्व-दीर्घ, ळ आणि ल, श आणि स, रोमनमधली सगळी स्पेलिंगं, इतर भाषांतले समानार्थी शब्द. हा कागद म्हणजे तुमचं जाळं. त्याची वीण जितकी बारीक, तितके मासे सापडतील.

मग ते सगळे प्रकार साध्या शोधयंत्रात, ऑनलाइन बाजारांत, ॲपच्या दुकानांत आणि समाजमाध्यमांवर टाकून पाहा. पाचवी, न लिहिलेली वही सापडली तर इथेच सापडते. वेबसाइट नसलेला, पण वीस वर्षं त्याच नावाने चालणारा धंदा एखाद्या जुन्या छायाचित्रातल्या पाटीवरही दिसू शकतो.

त्यानंतर ट्रेडमार्कची नोंदवही. जवळजवळ प्रत्येक देशाच्या कचेरीची वही इंटरनेटवर फुकट पाहता येते. जागतिक बौद्धिक संपदा संघटना, जिचं मुख्यालय जिनिव्हात आहे, तिचा ‘ग्लोबल ब्रँड डेटाबेस’ अनेक देशांच्या नोंदी एकत्र दाखवतो. त्यात चित्र चढवून सारखी बोधचिन्हंही शोधता येतात. युरोपचं ‘टीएमव्ह्यू’ही तसंच मोफत आहे. जिथे ध्वनिसाम्याने शोधण्याची सोय असेल, तिथे ती जरूर वापरा.

नोंद सापडली की तिची अवस्था वाचा. ‘रद्द’ किंवा ‘मुदत संपली’ लिहिलंय म्हणून लगेच आनंदू नका. नूतनीकरणाला उशीर झाला तरी निदान सहा महिन्यांची सवलत पॅरिस कराराने ठेवलेली आहे. शिवाय नोंद मेली तरी वापर चालू असू शकतो. आणि ‘अर्ज प्रलंबित’ असेल तर तो जिवंतच समजा. त्याची तारीख तुमच्या आधीची आहे.

आणखी एक बारकावा, जो फार कमी लोकांना ठाऊक असतो. त्याच करारानुसार, एका सदस्य देशात ट्रेडमार्कचा अर्ज केला, तर पुढच्या सहा महिन्यांत दुसऱ्या सदस्य देशात अर्ज करून पहिल्या अर्जाचीच तारीख मागता येते. म्हणजे आज तुमच्या देशाच्या वहीत जागा रिकामी दिसते, तुम्ही उद्या अर्ज करता, आणि चार महिन्यांनी एक परदेशी अर्ज येऊन तुमच्या आधीच्या तारखेवर बसतो. त्यामुळे शंभर टक्के खात्री कोणताही शोध देऊ शकत नाही, वकिलाने केलेलासुद्धा. शोधाने धोका कमी होतो. तेवढ्यासाठीही तो घेण्यासारखाच आहे.

शेवटी डोमेन आणि कंपनीची वही. हे दोन्ही शेवटी का? कारण ट्रेडमार्कमध्ये अडलेल्या नावाचं डोमेन घेऊन उपयोग नसतो. उलट ते हातातून जाऊ शकतं: १९९९ पासून डोमेनच्या वादांसाठी एक जागतिक पद्धत आहे. नाव आपल्या ट्रेडमार्कसारखं आहे, घेणाऱ्याचा त्यावर रास्त हक्क नाही आणि ते वाईट हेतूने घेऊन वापरलंय, या तिन्ही गोष्टी सिद्ध केल्या तर न्यायालयात न जाताही डोमेन काढून घेता येतं.

चाळणीतून एक नाव उरलं, धंद्यात बरेच पैसे घालायचे आहेत, तर इथे या विषयाच्या वकिलाला पैसे द्या. दोन नावं किती सारखी वाटतात, हा अंदाजाचा विषय आहे आणि तो अंदाज अनुभवाने येतो. आणि अर्ज दाखल होईपर्यंत नाव चारचौघांत मिरवू नका. आधी उद्घाटनाची जाहिरात आणि मग अर्ज, म्हणजे वरातीमागून घोडे.

‘मी आधीपासून वापरतोय, मला नोंदणी कशाला?’

हा आक्षेप काही देशांत खरा आहे, काहींत अगदी खोटा. अमेरिका, ब्रिटन, भारत यांसारख्या देशांत आधी वापरणाऱ्याला नोंदणीशिवायही काही हक्क असतात. त्याच्या नावलौकिकावर दुसऱ्याने आपला माल खपवला तर तो न्यायालयात जाऊ शकतो. चीन, जपान, जर्मनी अशा अनेक देशांत मुख्य वजन आधी अर्ज करणाऱ्याचं असतं.

जिथे वापराला हक्क आहे, तिथेही पुरावा तुम्हालाच द्यावा लागतो: जुनी बिलं, जाहिराती, गिऱ्हाईक कुठवर पसरलं होतं त्याच्या नोंदी. नोंदणी असेल तर तो भार बराचसा समोरच्यावर जातो. पहिल्या दिवसापासून तारखेसह बिलं आणि छापील साहित्य जपून ठेवा, नोंदणी करा किंवा करू नका.

आणि हक्क देशापुरता असतो. हे मोठ्यामोठ्यांनाही महागात पडलंय. बर्गर किंग ऑस्ट्रेलियात गेली तेव्हा ते नाव तिथे ॲडलेडमध्ये कोणीतरी आधीच नोंदवलेलं होतं. म्हणून १९७१ पासून तिथे ही साखळी ‘हंग्री जॅक्स’ नावाने चालते. टोयोटाने ‘प्रियस’ मोटार १९९७ साली जपानमध्ये आणली. भारतात मोटारींचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी २००१ पासून तेच नाव वापरत होती. २०१७ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने टोयोटाच्या विरोधात निकाल दिला, कारण २००१ च्या सुमाराला भारतीय गिऱ्हाइकाला प्रियस ठाऊक होती, हे पुराव्याने दिसत नव्हतं. जगभर नाव आहे म्हणून इथेही आहे, असं न्यायालय गृहीत धरत नाही.

निर्यात करणार असाल तर त्या देशांचा विचार आधीच करा. माद्रिद पद्धतीने आपल्या देशातल्या अर्जाच्या किंवा नोंदणीच्या आधारावर अनेक देशांसाठी एकच अर्ज करता येतो. भारत तिच्यात २०१३ साली सामील झाला. पण ‘जागतिक ट्रेडमार्क’ असं काही नसतं. प्रत्येक देश आपापल्या कायद्याने हो किंवा नाही म्हणतो. मूळ अर्ज पहिल्या पाच वर्षांत कोसळला तर त्यावर टेकलेले सगळे डगमगतात, हेही लक्षात असू द्या.

‘माझं स्वतःचंच नाव आहे, ते कोण अडवणार?’

स्वतःच्या नावाने प्रामाणिकपणे धंदा करायला बहुतेक कायदे काही मोकळीक देतात. पण ती अमर्याद नसते, आणि एकदा नाव ट्रेडमार्क झालं की ते वस्तूसारखं विकलंही जातं. ब्रिटनच्या राजकुमारी डायाना यांचा लग्नाचा पोशाख तयार करणाऱ्या जोडीतल्या एलिझाबेथ इमॅन्युएल यांच्या बाबतीत तेच झालं. धंद्याबरोबर त्यांच्या नावाचा ट्रेडमार्कही दुसऱ्यांकडे गेला. आता कपडे मी बनवत नाही, तेव्हा माझं नाव लावून लोकांची दिशाभूल होते, हे त्यांचं म्हणणं २००६ साली युरोपीय न्यायालयात टिकलं नाही.

भागीदारीतही हाच काटा आहे. अर्ज कोणाच्या नावाने करताय? दोघांचा धंदा आणि ट्रेडमार्क एकाच्या व्यक्तिगत नावावर, असं असलं तर फाटाफूट झाली की नाव एकाबरोबर निघून जातं. कंपनी असेल तर अर्ज कंपनीच्या नावाने करा. बोधचिन्ह बाहेरच्या कलाकाराकडून करून घेतलं असेल, तर त्याचे हक्क तुम्हाला दिल्याचं लेखी घ्या. अनेक देशांत पैसे चुकते केले म्हणून चित्राचा हक्क आपोआप येत नाही.

नाव दुसऱ्याकडून विकत घेताना तर विकणारा खरोखर मालक आहे का, हे त्या देशाच्या वहीत पाहा. ॲपलने ‘आयपॅड’ हे नाव तैवानमधल्या प्रोव्ह्यू कंपनीकडून घेतलं होतं, पण चीनमधली नोंद त्याच गटातल्या शेन्झेनच्या कंपनीच्या नावावर निघाली. २०१२ साली तो वाद मिटवायला ॲपलला ६ कोटी डॉलर मोजावे लागले.

अर्ज केल्यावर

अर्जात शक्यतो आधी शब्द नोंदवा, साध्या अक्षरांत. रंगीत बोधचिन्ह दहा वर्षांत बदलेल; शब्दाची नोंद कोणत्याही अक्षरशैलीत उपयोगी पडते. पैसे असतील तर चिन्हासाठी वेगळा अर्ज करा. धंदा सुरू व्हायच्या आधी, ‘वापरणार आहे’ म्हणूनही अर्ज बहुतेक ठिकाणी करता येतो.

कचेरी अर्ज तपासते, शंका असतील तर कळवते, मग तो जाहीर प्रसिद्ध होतो. त्यानंतर कोणालाही विरोध नोंदवायला मुदत असते: अमेरिकेत ३० दिवस, ब्रिटनमध्ये दोन महिने, युरोपीय संघात तीन, भारतात चार. कोणी विरोध केला नाही किंवा टिकला नाही, तर नोंदणी.

एक गैरसमज इथे दूर करायला हवा. नोंदणी मिळाली म्हणजे सारख्या नावांशी तुलना करून सरकारने हमी दिली, असं सगळीकडे नसतं. युरोपीय संघाची कचेरी जुन्या सारख्या नावाच्या कारणाने आपणहून अर्ज नाकारत नाही. जुन्या मालकाने स्वतः विरोध करायचा असतो. ब्रिटननेही २००७ पासून हीच रीत धरली आहे. म्हणून नोंदणीनंतरही वाद येऊ शकतो.

नावापुढे टीएम ही अक्षरं बहुतेक ठिकाणी नोंदणीआधीही लावता येतात. वर्तुळातलं आर हे चिन्ह मात्र नोंदणी झाल्यावरच. त्याआधी ते लावणं अनेक देशांत गुन्हा आहे.

नोटीस आलीच तर

पहिल्यांदा उत्तराची मुदत पाहा आणि ती चुकवू नका. घाबरून लगेच पाटी उतरवू नका आणि पत्र टोपलीतही टाकू नका. समोरच्याची नोंद कोणत्या वर्गात आहे, कोणत्या देशात, कोणत्या तारखेची, तो ती वापरतो का, हे सगळं त्याच वहीत तपासता येतं, जिथे तुम्ही शोध घेतला होता.

‘माझा धंदा एवढासा, मला कोण विचारतो’ या भरवशावर राहू नका. लहान धंद्याला नोटीस येते ती बहुतेकदा तो वाढू लागल्यावर, म्हणजे नाव बदलणं सर्वांत जड जातं तेव्हा. पैसा असला तरी सुटका नसते. मायक्रोसॉफ्टच्या ‘स्कायड्राइव्ह’ सेवेवर ब्रिटनच्या स्काय कंपनीने २०१३ साली खटला जिंकला आणि पुढच्या वर्षी ती ‘वनड्राइव्ह’ झाली.

पुष्कळ वाद मात्र तडजोडीने मिटतात: तुम्ही या मालापुरतं वापरा, आम्ही त्या. तडजोड लिहिताना पुढचा काळ डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. बीटल्स या ब्रिटिश गायक-वादकांच्या चमूची ॲपल कॉर्प्स आणि संगणकवाली ॲपल यांच्यात १९८१ साली असाच करार झाला. संगणकवालीने संगीतात यायचं नाही, बीटल्सवालीने संगणकात. पुढे संगणकातूनच संगीत वाजू आणि विकलं जाऊ लागलं आणि भांडण २००७ पर्यंत पुन्हा पुन्हा पेटत राहिलं.

नोंदणी झाली, आता निवांत?

ट्रेडमार्क शेतासारखा आहे. कसला नाही तर हातचा जातो. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये सलग पाच वर्षं, चीनमध्ये तीन वर्षं वापर नसला तर कोणीही नोंद रद्द करायला सांगू शकतं. मॅकडोनल्ड्सच्या ‘बिग मॅक’चीसुद्धा २०२४ साली युरोपीय संघात कोंबडीच्या सँडविचपुरती हीच गत झाली, कारण त्या मालासाठी खरा वापर दाखवता आला नाही.

दुसरा धोका यशाचा. नाव इतकं पसरतं की ते वस्तूचंच नाव होतं. ‘ॲस्पिरिन’ बायर कंपनीचा ट्रेडमार्क होता. १९२१ साली अमेरिकेतल्या न्यायालयाने सांगितलं की लोकांच्या लेखी तो आता औषधाचाच शब्द झालाय. कॅनडात मात्र तो अजून बायरचा आहे. आपणही मराठीत ‘झेरॉक्स काढून आण’ म्हणतो तेव्हा कोणत्या कंपनीचं यंत्र आहे ते पाहत नाही. यावर उपाय साधा आहे: नाव नेहमी वस्तूच्या नावासोबत वापरा. ‘एक झुळूक द्या’ असं तुमच्या जाहिरातीत येऊ देऊ नका, ‘झुळूक पंखा’ म्हणा.

आणि लक्ष ठेवा. सारख्या नावाचा नवा अर्ज प्रसिद्ध झाला की विरोधाची मुदत धावू लागते, आणि गप्प बसलं की काय होतं ते लक्ष्मणधाराच्या प्रकरणात दिसलंच. दर महिन्याला अर्धा तास काढून आपलं नाव आणि त्याचे भाऊबंद वहीत शोधत जा. कचेरीकडे दिलेला पत्ता आणि ईमेल बदलला तर कळवा, नाहीतर नूतनीकरणाची आठवण भलत्याच पत्त्यावर जाईल. बहुतेक देशांत मुदत दहा वर्षांची असते आणि ती कितीही वेळा वाढवता येते.

ब्रिटनमध्ये ट्रेडमार्कची वही १ जानेवारी १८७६ रोजी उघडली. बास या बिअर बनवणाऱ्या कंपनीचा माणूस आदल्या रात्रीपासून कचेरीच्या दाराशी थांबला होता, असं सांगतात. पहिल्या क्रमांकावर त्यांचा लाल त्रिकोण नोंदला गेला. त्यानंतर कंपनीचे मालक बदलले, पण प्रत्येक वेळी कोणीतरी मुदतीत नूतनीकरण केलं, आणि एक क्रमांकाची ती नोंद आजही चालू आहे.